पुसू नका

"काळा इतिहास?" आई फोनवर म्हणाली. "असला इतिहास लोक दडवून ठेवतात. तुझं विद्यापीठ तो जपायला पगार देतं?"

घाईत मी 'ब्लॅक हिस्टरी'चं सरळ मराठी करून टाकलं होतं. मराठीत काळा इतिहास म्हणजे घोटाळे आणि खून. मी तिला सांगितलं की हा इथल्या मूळच्या लोकांचा इतिहास आहे. ते स्वतःला ब्लॅक म्हणवतात आणि ताठ मानेने म्हणवतात.

"मग तसं सांग ना नीट," आई म्हणाली. "पण त्यात तुझं काय काम? तू तर सिमेंटवाली."

सिमेंटवाली हे तिने माझ्या नोकरीला दिलेलं नाव. सिडनीतल्या एका विज्ञान आणि इंजिनिअरिंगच्या विद्यापीठात मी मटेरियल्स लॅब सांभाळते. काँक्रीटचे ठोकळे दाबून फोडायचे, प्लास्टिकच्या पट्ट्या ताणून तोडायच्या, मातीचे नमुने ओव्हनमध्ये वाळवायचे. वीस वर्षांत इतिहासासाठी मला कोणी हाक मारली नव्हती. ती मारली गेली कोविडच्या दुसऱ्या हिवाळ्यात.

त्या वेळी शहर बंद होतं, आणि आमचा भाग जास्त बंद होता. आम्ही क्वेकर्स हिलला राहतो, ब्लॅकटाउनच्या हद्दीत. तिथून बाहेर पडायला फोनमध्ये परवाना लागायचा. नवरा स्वयंपाकघरातल्या टेबलावर ऑफिस मांडून दिवसभर कोणाला तरी 'यू आर ऑन म्यूट' सांगत बसायचा. माझ्या लॅबमध्ये महिनोन् महिने चालणारे प्रयोग होते, ते कोणीतरी बघायला हवेत म्हणून मला परवाना मिळाला होता. रिकाम्या ट्रेनमधून ब्लॅकटाउनची पाटी रोज दिसायची. या गावाला ब्लॅक का म्हणतात, हा प्रश्न इतकी वर्षं तिथे राहून मला पडला नव्हता. इथल्या मूळच्या माणसांना इंग्रजांनी तिथे जमिनीचे तुकडे दिले होते, शाळेच्या नावाखाली मुलं आणून ठेवली होती, त्यावरून ते नाव. हे मला ट्रॉली घेऊन आलेल्या बाईकडून कळलं.

ती आमच्याच विद्यापीठात, दोन इमारती सोडून काम करायची. तिशीतली, स्वतः ॲबोरिजिनल, पश्चिमेकडच्या एका नदीकाठच्या गावातली. विद्यापीठाची ब्लॅक हिस्टरी जमवणं हे तिचं काम होतं, आणि त्या कामावर ती एकटीच होती. इथे जुन्या यंत्रांना काचेच्या कपाटात जागा आहे. पहिला कॉम्प्युटर, पहिली विंड टनेल, सगळं घासूनपुसून ठेवलेलं. पण जमीनमोजणी शिकवणाऱ्या सर्व्हेइंगच्या इमारतीमागे एक पत्र्याची खोली होती आणि इथले पहिले काळे विद्यार्थी तिथे दर आठवड्याला जमत, याची कुठे एक पाटीही नाही. त्या जागी आता कार पार्क आहे. मी तिथून रोज चालत जाते.

तिने मास्क सारखा केला, दोन मीटर अंतर ठेवून उभी राहिली आणि विचारलं, "तुझ्याकडे ओव्हन आहेत ना? मला टेप भाजायच्या आहेत."

मला वाटलं, ही चेष्टा करतेय.

"खरंच. मंद आचेवर. कोणी म्हणालं, माती वाळवणाऱ्या बाईला विचार."

ट्रॉलीवर पुठ्ठ्याचा खोका होता आणि खोक्यात मोठ्या चकत्यांच्या जुन्या टेपा. त्या खोलीतल्या बैठका मुलं टेप करून ठेवायची. तळघर रिकामं करताना त्या सापडल्या होत्या. मी एक उचलली आणि टोक बोटावर घेतलं. चिकट. वाटणाच्या पाट्यावर हात ठेवल्यासारखं.

हा रोग मला ठाऊक होता, टेपचा नाही तरी गोंदाचा. टेप म्हणजे प्लास्टिकच्या पट्टीवर गोंदाने चिकटवलेली गंजाची पूड. आवाज त्या पुडीत असतो. गोंद वर्षानुवर्षं हवेतलं पाणी पितो, मऊ पडतो, आणि मग टेप यंत्रावर लावली की किंचाळते आणि पूड खरवडून निघते. निघालेली पूड म्हणजे गेलेला आवाज. मंद उष्णतेत पाणी हळूहळू बाहेर काढलं तर गोंद थोडे दिवस धरून राहतो. तेवढ्यात टेप वाजवून आवाज कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचा. सांडग्यांसारखंच. घाई केली की तडकतात, हयगय केली की बुरशी येते.

तिला सगळ्यात आधी हवी होती एकच टेप. तिच्या डब्यावर शाईने मोठ्या, सरळ, नकाशावर असतात तशा अक्षरांत लिहिलं होतं: DO NOT WIPE. त्या काळी लॅबमध्ये टेप महाग असायची, जुनी पुसून पुन्हा वापरायची रीत होती. म्हणून कोणीतरी बजावून ठेवलं होतं.

पुसू नका. मी मनात वाचलं ते मराठीत, आणि मला हसू आलं. आई साताऱ्याकडची. आमच्या घरात पुसणं हे क्रियापद दोन कामं करायचं. ओटा पुसायचा आणि बाबांनाही पुसायचं. 'सहलीला जायचंय? बाबांना पुसलंस का?' शाळेत मी असं बोलले की ठाण्याच्या मुली हसायच्या. तेव्हा त्या डब्यावर, माझ्यापुरतं, दोन्ही लिहिलेलं होतं. खोडू नका. आणि विचारूही नका.

"आणि एक अट आहे," ती म्हणाली. "ऐकायचं नाही."

"म्हणजे?"

"यात ज्याचा आवाज आहे तो गेला. फार वर्षं झाली. गेलेल्या माणसाचा आवाज आमच्यात असा कोणीही लावत नाही. सगळीकडे एकच रीत नसते, पण या घरात ही आहे. त्याची बहीण ऐकेल आधी. आँटी. मग काय करायचं ते आँटी ठरवेल."

"तुझी आँटी?"

"सगळ्यांची आँटी."

मुंबईत मला पहिल्यांदा आँटी म्हणणाऱ्या भाजीवाल्याकडे मी परत गेले नव्हते. इथे तो शब्द मिळवावा लागतो, असं तिने सांगितलं. "मला अजून वीस वर्षं लागतील. तुला मात्र चालून जाईल."

"थँक्स."

"नो वरीज."

मी मुद्द्यावर आले. टेप उतरवताना कान हेच मुख्य हत्यार असतं. आवाज दबतोय का, घासतोय का, टेप वाचणारं यंत्राचं डोकं पुडीने भरलंय का, हे ऐकून कळतं. न ऐकता उतरवायची म्हणजे चव न घेता पंगतीचा स्वयंपाक करायचा.

"आईने श्रावणात नैवेद्य दाखवायच्या आधी कधी चव घेतली नाही," मी म्हटलं, तिला नव्हे, स्वतःलाच. आणि लक्षात आलं की होतं की असं. पुरण न चाखताच व्हायचं आणि बरोबर व्हायचं.

"तू तरी ऐकशील ना?" मी विचारलं.

"मीही नाही."

आँटीशी फोनवर बोलणं झालं ते दुसऱ्या दिवशी. ती दूर पश्चिमेला, एका छोट्या गावात. ऐंशीच्या पुढची, छाती आधीपासून कमजोर. साथ त्या आठवड्यात तिच्या गावापर्यंत पोचली होती आणि तिच्या गल्लीत दोन घरं आजारी होती. म्हणून ती आता मागे लागली होती. इतकी वर्षं भावाचं नावही तिने घेतलं नव्हतं. आता तिला त्याचा आवाज ऐकायचा होता, आणि मरायच्या आधी ऐकायचा होता. हे तिने असंच सांगितलं, दुधाचा हिशेब सांगावा तसं.

पण त्याआधी तिने मला विचारलं, "हू'ज युअर मॉब, बब?"

बब म्हणजे बाळ. मी पन्नाशी ओलांडलेली. मॉब म्हणजे माझ्या इंग्रजीत दगडफेक करणारा जमाव. शेजारी ट्रॉलीवाली मास्कच्या आत हसत होती.

"तुझी माणसं, बब. कुठली माणसं तुझी? कुठल्या जमिनीवरची?"

अच्छा. कुणाची गं तू. साताऱ्याकडे पारावर बसलेल्या बायका नव्या पोरीला हेच विचारतात, आणि उत्तर मिळेपर्यंत पाणीसुद्धा विचारत नाहीत. मी कृष्णेचं नाव सांगितलं, आजोळच्या गावाचं सांगितलं, आई अजून आहे आणि बाबा नाहीत हे सांगितलं.

"नदीवरची आहेस," आँटी समाधानाने म्हणाली. "बरं. तर ओव्हन लेडी, ऐक. माझा भाऊ सर्व्हेइंग शिकत होता. मी त्याच विद्यापीठात टायपिस्ट होते. ही पोरं बैठक टेप करायची, आणि दुसऱ्या दिवशी कानाला लावून मी टाइप करायची. ही टेप मी टाइप केली नाही. त्याच आठवड्यात घरी येताना त्याची गाडी रस्ता सोडून उलटली आणि तो गेला. मी नोकरी सोडली."

मी "आय ॲम सॉरी" म्हणाले. ती थांबली नाही.

"टेप शेवटपर्यंत चालवायची. मध्ये काही नाही असं वाटलं तरी. थांबवायची नाही."

"बरं," मी म्हटलं. म्हाताऱ्या माणसांच्या अशा सूचना असतात, तशी एक.

मी आधी खोक्यातली एक निकामी टेप घेतली. तिच्यावर कुठल्याशा प्रयोगाची शिट्टी भरलेली होती. ती भाजून पाहिली. पन्नास अंशांच्या जरा वर, पंखा बंद, दिवसभर, मध्ये एकदा उलटून. सिमेंटपेक्षा सोपं नव्हतं. टेपचं यंत्र इलेक्ट्रिकलच्या माळ्यावरून आलं, त्याचा पट्टा सुकून तुटला होता, तो मी बदलला. यंत्राचं डोकं पुसायला लागणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल तेव्हा सोन्यासारखं जपलेलं. सगळं हात धुवायच्या बाटल्यांत गेलेलं. स्टोअरच्या माणसाने अर्धी बाटली दिली आणि "पिऊ नकोस, मेट" असा सल्ला दिला.

शिट्टीची टेप नीट उतरली. मग मी स्पीकरच्या वायरी काढून ड्रॉवरमध्ये टाकल्या, हेडफोन ट्रॉलीवालीच्या पिशवीत दिले, आणि पुसू नका लिहिलेली टेप ओव्हनमध्ये ठेवली. दार लावताना माझा हात जपून चालत होता. फॉर्मवर 'नमुन्याचे वर्णन' असा रकाना असतो. मी 'टेप' लिहिलं. दुसरं काय लिहिणार.

वाजवायच्या दिवशी आम्ही दोघीच होतो. यंत्रावर दोन काटे असतात, आवाज वाढला की उजवीकडे झुकतात. तेवढंच बघायचं. मी बटण दाबलं. चकत्या फिरायला लागल्या, आणि खोलीत चकत्यांच्या सरसरीखेरीज काही नाही.

काटे थरथरले आणि उठले.

माझ्या कामात मी रोज काटे बघते. काटा म्हणजे भार, ताण, तापमान. त्या दिवशी काटा म्हणजे माणूस होता. एक जण बोलतोय हे दिसत होतं, कारण काटा एकाच मापात नाचत होता. मग दुसरा मध्ये घुसला. तो उतावळा, प्रत्येक वाक्याची सुरुवात उडी मारून करणारा. एका ठिकाणी दोन्ही काटे सहा-सात वेळा जोरात आपटले आणि मग एकदम पडले. थोड्या वेळाने ठेका आला. वर, खाली, वर, खाली, सगळे एकत्र. मी ट्रॉलीवालीकडे बघितलं, तिने माझ्याकडे. गाणं. पन्नास वर्षांपूर्वी पत्र्याच्या खोलीत बसलेली दहा-बारा पोरं, त्यांचा श्वास, गंजाच्या पुडीत बसून राहिलेला, तळघरात भिजलेला, माझ्या मातीच्या ओव्हनमध्ये वाळलेला, आणि आता माझ्यासमोर दोन लोखंडी काट्यांना हलवत होता. माझ्या अंगावर काटा आला. या वाक्यातला विनोद मला तेव्हा सुचला नाही.

मग गाणं संपलं, काटे खाली बसले आणि बसूनच राहिले.

बैठक संपली असावी. टेप अजून बरीच होती. काटे निश्चल. आणि त्याच वेळी यंत्रातून बारीक किंचाळी यायला लागली. ती टेपवरची नव्हती, टेपची होती. गोंद सुटायला लागला होता. डोक्यावर तपकिरी पूड दिसत होती.

साध्या हिशेबाने थांबायला हवं होतं. जे हवं ते उतरलं होतं. पुढे कोरी टेप, आणि ओढत राहिलं तर तुटायचा धोका. तुटली तर मूळ टेप गेली, दुसऱ्यांदा भाजून ती टिकेल याची हमी नव्हती. माझं बोट बटणावर होतं.

"आँटी म्हणाली शेवटपर्यंत," ट्रॉलीवाली म्हणाली.

"ठाऊक आहे मला."

माझ्या लॅबमध्ये ठरलेल्या वेळेच्या आधी मी नमुना कधी काढत नाही. मध्येच ओव्हन उघडून डोकावणाऱ्या विद्यार्थ्यांना मी ओरडते. झालंय असं वाटणं आणि झालेलं असणं यात फरक असतो, हे त्यांना सांगून माझा घसा बसलाय. मी बोट काढलं. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल घेऊन डोक्याच्या कडेला, टेपला न लागता, पूड तेवढी टिपत राहिले. किंचाळी वाढली, कमी झाली, पुन्हा वाढली.

चकतीवर शेवटचे काही वेढे उरले होते तेव्हा काटा हलला.

फार नाही. जागच्या जागी, केसाएवढा. एकच माणूस, यंत्राच्या अगदी जवळ, हळू बोलणारा. थांबला. पुन्हा बोलला. एकदा काटा टुणकन उडाला आणि लगेच बसला. मग टेपचं शेपूट सुटलं आणि रिकामी चकती फटफट करत फिरायला लागली. आम्ही दोघी ती तशीच फिरताना बघत राहिलो. मग मी यंत्र बंद केलं आणि सगळं पुसलं. पुसायचं तेवढंच.

फाइल आँटीला पाठवली आणि काहीच कळेना. फोन लागेना. तिच्या गावाचं नाव रोज बातम्यांत. ट्रॉलीवाली रोज लॅबच्या दारात यायची, मी मान हलवायची, ती मान हलवायची. आमच्याजवळ तो आवाज होता, कॉम्प्युटरवर, एका क्लिकच्या अंतरावर. नीट उतरला की नुसती खरखर आली, हेही आम्हाला माहीत नव्हतं. तपासणं हे माझं पोटापाण्याचं काम. तरी मी तपासलं नाही. धीर धरला असं नाही म्हणणार. आपल्या हाताला लागलेली गोष्ट आपली नसते, हे इतकं लख्ख मला आधी कधी दिसलं नव्हतं.

एका दुपारी डबा खाताना आईला हे सांगितलं. बाबा जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यांचा एक व्हॉइस मेसेज आईच्या फोनमध्ये आहे. 'येताना लिंबं आण, दोनच.' तो ती रोज लावते.

"मला नाही जमायचं बाई," ती म्हणाली. "पन्नास वर्षं न ऐकता?" मग म्हणाली, "पण त्यांना पुसल्याशिवाय ऐकू नकोस हां."

"नाही गं."

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी आँटीचा फोन आला. आवाज बसलेला होता, पण तिचाच.

"कुठे होतात?" मी जरा रागानेच विचारलं. आँटीशी असं बोलायचं नसतं, हे नंतर सुचलं.

"इथेच. ऐकत होते."

"नीट आलंय?"

"ओव्हन लेडी, तू काय पाहिलंस ते सांग आधी."

मी सांगितलं. एक संथ, एक उतावळा. सहा-सात वेळा काटे आपटले ते. ठेका. ती मध्ये मध्ये हं करत होती.

"उतावळा तोच. आमच्या भावाने कोणाचं वाक्य कधी पूर्ण होऊ दिलं नाही," ती म्हणाली. "आणि ते आपटणं म्हणजे हसणं. सर्व्हेइंगच्या प्रोफेसरची नक्कल करत होता. जमायची नाही त्याला, म्हणून हसायचे."

"आणि शेवटी?"

ती गप्प झाली. इथे आल्यापासून मी फोनवरची शांतता लगेच भरून काढते, लाइन गेली असं वाटतं म्हणून. तेव्हा भरली नाही.

"शेवटी मी," ती म्हणाली. "टाइप करताना मी टेप शेवटपर्यंत चालवते, हे एकट्या त्याला ठाऊक होतं. बाकीच्या टायपिस्ट बैठक संपली की काढायच्या. म्हणून दर वेळी सगळे गेल्यावर तो शेपटाला माझ्यासाठी काहीतरी ठेवायचा. चहाटळ मस्करी, आईचा निरोप, काहीही. ही टेप मी चालवलीच नाही. म्हणजे यावर काहीतरी असणार, हे मला तेव्हापासून माहीत होतं."

ट्रॉलीवालीने तिला डब्याचा फोटो पाठवला होता. नव्या डब्यावर काय लिहायचं, असं माझ्या शेजारी उभ्या ट्रॉलीवालीने मध्येच विचारलं.

"नवा डबा कशाला?" आँटी म्हणाली. "त्याचंच अक्षर आहे ते. नकाशावर लिहितात तसं लिहायचा, किराणाच्या चिठ्ठीवरसुद्धा."

बैठक आणि गाणं विद्यापीठात राहू द्यायला तिने हो म्हटलं, विचारून ऐकणाऱ्यांसाठी. शेपूट तिने मागून घेतलं. ते मी फाइलमधून कापून तिला वेगळं पाठवलं. कापायची जागा काट्यांवरून ठरवली आणि ती बरोबर निघाली. बाकीचं ऐकायची परवानगी मला मिळाली आहे. मी ते अजून ऐकलेलं नाही. घाई नाही.

त्या संध्याकाळी घरी जाताना कार पार्कमधून नेहमीसारखी आरपार गेले नाही, कडेने गेले. थोडा वेळ जास्त लागतो, फार नाही. घरी पोचल्यावर आईचा फोन आलाच.

"मग? काय बोलला गं भाऊ शेवटी?"

"मी पुसलं नाही," मी म्हटलं.

"बरं केलंस," ती म्हणाली, आणि जेवायला काय केलंय ते विचारलं.